वॅगन आर: इग्निशन लॉकचं हाऊसिंग बदलायचंय, बिनडोक्याचे बोल्ट कसे काढायचे?

घाटवाट

नमस्कार मंडळी,

गाडी वॅगन आर एलएक्स, २००९ ची. पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही, चावीत इमोबिलायझरची (अनोळखी चावीने इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चिप आहे. लक्षणं दोन आहेत.

एक म्हणजे चावी आत नीट जाते पण फिरत नाही. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून, चावी किंचित बाहेर ओढून खटपट केली की कधीतरी फिरते. दुसरं म्हणजे चावी ‘ऑन’वर असताना तिला धक्का लागला तर ब्लोअर आणि वायपर बंद पडतात, इंजिन मात्र चालू राहतं. कव्हर उघडून पाहिलं तर हाऊसिंगच्या मागे वायरचा जो काळा भाग बसतो तो हलतोय, कारण त्याच्या एका स्क्रूचा कान हाऊसिंगमधूनच तुटलाय.

रोजची चावी झिजलेली आहे. दुसरी तिच्यावरूनच बाजारात कापून घेतलेली. चावी नंबरची पत्र्याची टिकली सापडत नाही.

प्रश्न असे: पूर्ण हाऊसिंगच बदलायचं का? स्टिअरिंगच्या कॉलमला (शाफ्टभोवतीच्या नळीला) ते दोन बोल्टने धरलंय, पण बोल्टना डोकीच नाहीत, नुसते गोल घुमट आहेत. ते काढायचे कसे? चिपचं काय करायचं? आणि गॅरेजमध्ये सुचवलंय की स्टिअरिंग लॉकची खिट्टीच कापून टाका, कटकट मिटेल. तसं करावं का?

---

टी-पाना

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच सगळ्यात महत्त्वाचा. खिट्टी कापू नका. कारण खाली लिहिलंय.

इग्निशन लॉक म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात. पुढे चावीचं कुलूप, म्हणजे पितळी पत्त्यांचा गोल गाभा. मधे स्टिअरिंग अडवणारी स्प्रिंगची खिट्टी. मागे वायरचा स्विच. तिन्ही एका ओतीव हाऊसिंगमध्ये. बिघाड नेमका कशात आहे ते आधी ठरवायचं, कारण तिघांचा इलाज वेगळा आणि खर्चही वेगळा.

चावी फिरत नसताना स्टिअरिंगवरचा ताण काढा. म्हणजे स्टिअरिंगला ज्या बाजूला थोडी मोकळीक वाटते तिकडे ते हलकं धरून चावी फिरवा. लगेच फिरली तर कुलूप ठीक आहे, फक्त खिट्टीवर भार होता. उतारावर किंवा फुटपाथला चाक टेकवून गाडी लावली की हे होणारच. ताण काढूनही फिरत नसेल आणि चावी वर-खाली दाबून किंवा एक-दोन मिलिमीटर बाहेर ओढून फिरत असेल, तर पत्त्या किंवा चावी झिजली आहे. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकारातलं आहे.

पण तुमच्याकडे स्विचचा कान तुटलाय, आणि तो कान हाऊसिंगचा भाग आहे. ओतकाम तुटलं की एम-सीलने, वेल्डिंगने किंवा टायने बांधून टिकत नाही. चावी ‘स्टार्ट’ला नेताना स्विचवर दर वेळी पीळ बसतो, आणि तो पीळ तोच कान झेलत असतो. म्हणून तुमच्या बाबतीत उत्तर सरळ आहे: पूर्ण स्टिअरिंग लॉक असेंब्ली बदला.

सुटा भाग घेताना चासी नंबर सांगा. इमोबिलायझर असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांचे लॉक सेट वेगळे असतात. दुकानात ‘इग्निशन स्विच’ म्हटलं की काही जण पूर्ण कुलूप देतात, काही नुसता मागचा वायरचा तुकडा देतात, म्हणून नेमकं काय हवंय ते दाखवूनच घ्या. पाकिटात नवे दोन बोल्ट आहेत का ते काउंटरवरच उघडून बघा. जुने बोल्ट परत वापरता येत नाहीत.

आता काम. अर्धा दिवस हाताशी ठेवा.

चाकं सरळ करा. चावी फिरतच नसेल आणि चाकं वळलेली असतील तर तशीच राहू द्या, त्याने काम अडत नाही. कुलूप लॉक असतानाही हाऊसिंग निघतं, कारण ते कॉलमवरून आडवं उचललं की खिट्टीही शाफ्टच्या खाचेतून आपोआप बाहेर येते. बॅटरीची निगेटिव्ह १० च्या पान्याने काढा आणि टर्मिनलवर फडकं गुंडाळा.

कॉलमच्या प्लास्टिक कव्हरचे स्क्रू खालून काढा. कव्हरचे दोन्ही अर्धे खटक्यांनीही अडकलेले असतात, ओढण्याआधी सांध्यात प्लास्टिकची पट्टी घालून सोडवा. १५-१६ वर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक कडक होतं आणि खटके पटकन मोडतात, म्हणून हे काम सकाळच्या थंडीत करू नका. मग तीन कनेक्शन सोडवा: स्विचचा मोठा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा), चावी आत आहे हे सांगणाऱ्या बझरची छोटी वायर, आणि चावीच्या भोकाभोवतीची इमोबिलायझरची रिंग. ही रिंग म्हणजे अँटेना आहे. आत केसासारखी बारीक तार असते, स्क्रू ड्रायव्हर टोचून काढू नका. हीच रिंग नव्या हाऊसिंगवर बसवायची आहे.

बोल्ट वरच्या बाजूला, डॅशबोर्डच्या पोटात असतात. कॉलम जागेवर ठेवून तिथे हातोडी फिरत नाही, आणि बहुतेकांचा वेळ इथेच फुकट जातो. मॅन्युअलमध्ये कॉलम पूर्ण बाहेर काढायला सांगितलंय. साध्या स्टिअरिंगच्या गाडीत खालचे नट ढिले करून वरचे काढले तरी कॉलम पुरेसा खाली झुकतो. आधी सीटवर घडी घातलेलं पोतं किंवा उशी ठेवा, कॉलम त्यावर टेकवा. वायरी ताणल्या जात नाहीत ना ते बघत राहा. कॉलम पूर्ण काढणार असाल तर खालच्या जॉइंटवर आणि शाफ्टवर सलग रंगाची रेघ मारून ठेवा. ती नसेल तर स्टिअरिंग एक-दोन दाते वाकडं बसतं आणि मग लोक उगाच अलाइनमेंट करत बसतात. परत बसवताना जॉइंटचा बोल्ट शाफ्टच्या खाचेतूनच गेला पाहिजे. सुझुकीच्या गाड्यांत तो साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळतात, तरी तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क पान्यानेच आवळा.

एक सक्त सूचना. स्टिअरिंग शाफ्टच्या टोकावर हातोडी मारायची नाही. धडकेत कॉलम आत दबावा म्हणून त्यात मुद्दाम कमजोर जागा ठेवलेल्या असतात. टोकावर ठोकलं की त्या तिथेच तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आता बिनडोके बोल्ट. कारखान्यात यांना षट्कोनी डोकं असतं. ठरावीक पीळ बसला की मान तुटते आणि घुमट राहतो. चोराला पाना लावता येऊ नये म्हणून ही रचना. काढायला धारदार सेंटर पंच आणि साधारण २०० ग्रॅमची हातोडी पुरते. पंच घुमटाच्या कडेजवळ ठेवा, आधी सरळ एक टोला मारून खड्डा करा, मग पंच तिरका करून बोल्ट सुटतो त्या दिशेला, म्हणजे घड्याळाच्या उलट, छोटे छोटे टोले मारा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल थेंबभर सोडलं असेल तर दहा-पंधरा टोल्यांत बोल्ट हलतो. एकदा हलला की चिमट्याने, नाहीतर बोटांनीही निघतो.

जमलं नाही तर पर्याय दोन. घुमटावर कटर डिस्कने आडवी खाच पाडून जाड चपटा स्क्रू ड्रायव्हर लावा, नाहीतर ड्रिल करा. दोन्हींत लोखंडाचा कीस पडतो. खाली वायरी आणि कपलर आहेत, तेव्हा आधी ओलं फडकं अंथरा आणि नंतर चुंबक फिरवा.

---

चावी-चिप

टी-पाना यांनी सांगितलेलं बरोबर. कुलूप आणि चावीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हाऊसिंग बदलूनही लोक वर्षभरात त्याच जागी परत येतात.

कुलपाच्या गाभ्यात पातळ पत्त्या असतात, प्रत्येकीखाली स्प्रिंग. योग्य चावी गेली की सगळ्या पत्त्या गाभ्याच्या पृष्ठभागाशी सपाट होतात आणि गाभा फिरतो. चावीचा दात मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागानेही झिजला तरी एखादी पत्ती थोडी बाहेर राहते आणि हाऊसिंगला घासते. झिजलेल्या चावीवरून नवी चावी कापली की नव्या चावीत जुनी झीज जशीच्या तशी उतरते, शिवाय कापण्याची चूक वेगळी. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. चावी नेहमी नंबरवरून कापायची. मूळ चाव्यांसोबत जी पत्र्याची किंवा प्लास्टिकची टिकली येते, तिच्यावरचा नंबर म्हणजे कुलपाचा जन्मदाखलाच. नव्या सेटसोबत जी येईल तिचा फोटो काढा आणि टिकली घरी ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका.

नुसतं इग्निशन बदललं तर दारांना जुनी चावी आणि स्टार्टला नवी, अशा दोन चाव्या वागवाव्या लागतील. ते नको असेल तर पूर्ण लॉक सेट घ्या, नाहीतर चांगल्या चावीवाल्याकडून नव्या कुलपाच्या पत्त्या जुन्या चावीप्रमाणे लावून घ्या. तुमची जुनी चावी झिजलेली आहे, म्हणून तुमच्या बाबतीत दुसरा मार्ग मी सुचवणार नाही.

चिपबद्दल. इमोबिलायझर हाऊसिंग ओळखत नाही, चिप ओळखतो. चिपमधला कोड गाडीच्या इमोबिलायझरमध्ये नोंदलेला असतो. नव्या चावीतली चिप त्याला अनोळखी, म्हणून स्टार्टर फिरेल पण इंजिन पकडणार नाही आणि डॅशवरचा चावीचा दिवा लुकलुकत राहील. उपाय दोन. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून नव्या चिपा नोंदवून घ्यायच्या. आरसी आणि ओळखपत्र सोबत न्या, आणि ज्या ज्या चाव्या चालू ठेवायच्या आहेत त्या सगळ्या एकाच वेळी न्या. किंवा जुन्या चावीच्या मुठीतली चिप काढून नव्या मुठीत बसवायची. दुसरा मार्ग फुकटचा आहे पण जपून करावा लागतो. चिप तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी किंवा काळा चौकोनी ठोकळा असते. काचेची असेल तर पकडीने दाबली की संपली. मूठ ब्लेडने सांध्यावर कापा, मधोमध नाही.

नवं हाऊसिंग कॉलमवर पक्कं करण्याआधी रिंग लावून, कपलर जोडून, नवी चावी टेकवून गाडी एकदा स्टार्ट करून बघा. रिंग फक्त काही सेंटिमीटर अंतरावरून चिप वाचते, म्हणून ती पूर्ण आत बसलेली हवी.

कुलपात तेल किंवा ग्रीस अजिबात नको. त्यात धूळ बसते आणि पत्त्यांभोवती चिखल होतो. ग्रॅफाइटची कोरडी पूड चिमूटभर, एवढंच.

---

रिले८७

ब्लोअर-वायपर बंद पडणं आणि इंजिन चालू राहणं, यावरून तुमच्या स्विचमध्ये काय होतंय ते नेमकं सांगता येतं.

स्विचला साधारण पाच टोकं असतात: बी म्हणजे बॅटरीची कायम लाइन, एसीसी म्हणजे रेडिओसारख्या उपकरणांची, आयजी१ आणि आयजी२ म्हणजे इग्निशनच्या दोन, आणि एसटी म्हणजे स्टार्टरची. ‘लॉक’वर कोणीच कोणाला जोडलेलं नाही. ‘एसीसी’वर बी आणि एसीसी. ‘ऑन’वर बी, एसीसी, आयजी१ आणि आयजी२ चारही एकत्र. ‘स्टार्ट’वर बी, आयजी१ आणि एसटी; त्या वेळी एसीसी आणि आयजी२ मुद्दाम तुटतात, म्हणजे स्टार्टरला पूर्ण बॅटरी मिळते. इंजिन आयजी१ वर चालतं, ब्लोअर-वायपरसारखे जड भार आयजी२ वर. तुमचा स्विच वाकडा झाल्यामुळे आयजी२ चा स्पर्श अर्धवट होतोय.

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून, कपलर काढून, चारही स्थितीत हा तक्ता तपासा. नुसता बीप ऐकून समाधान मानू नका. ओहममध्ये बघा, जोडलेल्या टोकांमध्ये शून्याच्या आसपास यायला हवं. चावी हलवताना आकडा उड्या मारत असेल तर आतले तांब्याचे ठिपके जळालेत. नवीन हाऊसिंगवर जुना स्विच लावण्याचा मोह होईल. या लक्षणांनंतर तो लावू नका. अर्धवट स्पर्शाने तापलेला ठिपका परत पहिल्यासारखा होत नाही, आणि पुढे कपलरचं प्लास्टिकच वितळतं. कपलरची गाडीकडची बाजूही बघा. एखादी पिन तपकिरी किंवा काळी झाली असेल तर तीही बदला, नाहीतर नवा स्विच सहा महिन्यांत जुन्यासारखा होईल.

स्विच बसवताना कुलूप आणि स्विच दोन्ही एकाच स्थितीत हवेत. कुलपाच्या शेपटाचा चपटा भाग स्विचच्या खाचेत जातो. स्विच जोर लावून बसवला तर एक टप्पा पुढे-मागे बसतो, आणि मग चावी काढल्यावरही एसीसी चालू राहते किंवा ‘स्टार्ट’ मिळतच नाही. स्क्रू लहान आहेत, आटे ओतकामात आहेत. बोटांच्या जोरापेक्षा फार जास्त आवळू नका. तुमचा कान बहुधा असाच गेला असेल.

आणखी एक बघा: ‘स्टार्ट’वरून चावी सोडल्यावर ती स्वतःहून ‘ऑन’वर येते का. अर्ध्यात अडकली तर स्टार्टर गुंतलेलाच राहतो आणि जळतो.

---

साधा-सोपा

एवढा उपद्व्याप कशाला? खिट्टी कापली तर कुलूप नुसतं स्विच म्हणून चालतं, स्टिअरिंग कधीच अडकणार नाही. गिअर लॉक वेगळा लावला की चोरीचाही प्रश्न मिटला.

---

टी-पाना

साधा-सोपा, यात धोका कुठे आहे ते सांगतो.

कुलपात चावी असेपर्यंत खिट्टी मागे धरून ठेवणारा एक छोटा खटका असतो. चावी पूर्ण बाहेर आली की तो खटका सुटतो आणि खिट्टी स्प्रिंगने शाफ्टच्या खाचेत पडते. शिवाय ‘एसीसी’वरून ‘लॉक’वर जाताना चावी आत दाबावी लागते. चालत्या गाडीत हात लागून लॉक बसू नये म्हणून ही दुहेरी काळजी घेतलेली असते. खिट्टी कापायला हाऊसिंग उघडलं की हा खटका, त्याची स्प्रिंग आणि खिट्टीची बैठक सगळंच हलतं. अर्धवट कापलेला तुकडा आत राहिला आणि वळणावर खाचेत पडला, तर स्टिअरिंग तिथेच थांबेल. घाटात हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. सुटा तुकडा राहिला नाही याची खात्री हाऊसिंग पूर्ण बाहेर काढल्याशिवाय होत नाही, आणि हाऊसिंग बाहेर काढलंच आहे तर नवं बसवायला किती वेळ लागतो?

झिजलेली खिट्टी आणि झिजलेला खटका यांच्याबाबतही हेच. चावी आत असताना, गाडी उभी असताना, ‘एसीसी’वर स्टिअरिंग पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून बघा. कुठेही ‘टक्’ असा आवाज किंवा घासण्याची जाणीव झाली, तर त्या दिवसापासून ती गाडी रस्त्यावर नेऊ नये.

स्विचच्या टप्प्यांचा खटका कमजोर असण्याचा धोकाही लहान नाही. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने २०१४ मध्ये शेव्हरले कोबाल्ट वगैरे लहान गाड्या परत बोलावल्या, जगभरात मिळून सुमारे २६ लाख. इग्निशन स्विचमधला टप्पा धरणारा खटका कमजोर होता. जड जुडगा किंवा गुडघ्याचा धक्का लागला की चावी ‘ऑन’वरून ‘एसीसी’वर यायची, इंजिन बंद व्हायचं, पॉवर स्टिअरिंग जायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. त्या प्रकरणातल्या नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. घाटवाट, तुमच्या गाडीत चावीला धक्का लागला की वीज जाते असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे काम होईपर्यंत जुडगा काढा, एकच चावी लावा आणि हायवेला जाऊ नका.

---

घाटवाट

सगळ्यांचे आभार. असेंब्ली आणि स्विच दोन्ही आणले. कॉलम उशीवर टेकवलाय. एक बोल्ट पंचाने निघाला. दुसऱ्याची कड पूर्ण चेचली गेली, आता पंच नुसता घसरतोय. ३ मिमीचं ड्रिल लावलं तर घुमटावरून बिट घसरून हाऊसिंगवर ओरखडा पडला. पुढे काय? इझी आउट (तुटका बोल्ट भोकात घुसून उलटा फिरवून काढणारं हत्यार) आणावा का?

---

टी-पाना

इझी आउट आणण्याआधी एक गोष्ट बघा: बोल्टचे आटे कुठे आहेत. बोल्ट वरच्या पट्ट्यातून, म्हणजे हाऊसिंगला कॉलमवर आवळून धरणाऱ्या तुकड्यातून, नुसता आरपार जाऊन हाऊसिंगच्या अंगात आवळला असेल, तर तुम्हाला बोल्ट काढायचाच नाही. ते हाऊसिंग भंगारात जाणार आहे. फक्त घुमट उडवा, पट्टा वर उचलला जाईल आणि बोल्टचा दांडा जुन्या हाऊसिंगसोबतच निघून जाईल. आटे पट्ट्यात असतील तरी नव्या सेटमध्ये पट्टा येतोच.

घुमट उडवायला आधी कानशीने तो सपाट करा, निदान ५-६ मिमीचा चपटा भाग दिसेपर्यंत. बिट घसरतंय ते गोलाईमुळे. मग बरोबर मधोमध पंचाचा खोल खड्डा. ड्रिल कमी वेगाला ठेवा, थेंबभर तेल, आधी ३ मिमी, मग ५, मग बोल्टच्या दांड्यापेक्षा किंचित मोठं, ८ मिमीचा बोल्ट असेल तर साडेआठ. घुमटाच्या उंचीइतकंच खोल जायचं. त्याच्यापुढे कॉलमची नळी आहे, तिला ड्रिल लागू देऊ नका. बिटवर हवी तेवढी लांबी सोडून चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे खोली कळते. घुमट बिटवर कडीसारखा फिरायला लागला की झालं.

इझी आउट कडक पोलादाचा असतो. लहान भोकात तुटला तर पुढचं ड्रिल त्यावर चालत नाही, म्हणून तो शेवटचा पर्याय. गॅसची ज्योत तर इथे नकोच, वरच वायरिंगचा जाड झुबका आहे.

हाऊसिंगवरच्या ओरखड्याची चिंता नको. कॉलमच्या नळीवर ओरखडा असेल तर बारीक पॉलिश पेपर मारून कंगोरा काढा. कंगोरा राहिला तर नवं हाऊसिंग तिरकं बसेल.

---

टी-पाना

बसवण्याबद्दल राहिलं होतं, तेही लिहून टाकतो, कारण इथे केलेली चूक परत सुधारता येत नाही.

शाफ्टवरची लांबट खाच कॉलमच्या नळीच्या भोकात मधोमध दिसेपर्यंत शाफ्ट फिरवा. नव्या कुलपात चावी घालून ‘एसीसी’ किंवा ‘ऑन’वर ठेवा, म्हणजे खिट्टी आत राहते. मग हाऊसिंग भोकावर बसवा. खिट्टीभोवतीचा उंचवटा भोकात पूर्ण शिरला पाहिजे. बोल्ट फक्त हाताने लावा. आता चावी ‘लॉक’वर नेऊन बाहेर काढा आणि शाफ्ट हळूच फिरवा, खिट्टी खाचेत पडून शाफ्ट अडायला हवा. अडला नाही तर हाऊसिंग थोडं सरकवून परत बघा.

मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा. पट्टा आणि हाऊसिंग यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी राहिली पाहिजे. एक बोल्ट आधी पूर्ण आवळला तर हाऊसिंग वाकडं होतं आणि खिट्टी खाचेच्या कडेला घासत राहते.

डोकी तोडण्याआधी तीन गोष्टी तपासा. प्लास्टिकची कव्हरं लावून चावीचं भोक मधोमध येतंय का. रिंग आणि कपलर जोडून, बॅटरी लावून इंजिन सुरू होतंय का. आणि चावी आत असताना शाफ्ट पूर्ण फेरा न घासता फिरतोय का. कॉलम जागेवर लावल्यावर तिथे पाना पोचत नाही, म्हणून डोकी कॉलम खाली असतानाच तोडा. सॉकेट सरळ धरा, एकसारखा जोर लावा, डोकं ‘कट्’ होऊन हातात येईल. डोकं तुटण्याआधी थांबू नका. साधे बोल्ट लावू नका, इम्पॅक्ट गनही नको.

हा धागा वाचून आपल्या गाडीवर काम करणाऱ्या इतरांसाठी: एअरबॅग असेल तर बॅटरी काढल्यावर किमान तीन मिनिटं थांबा, एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना मीटर लावू नका, आणि कॉलमचा खालचा जॉइंट सोडल्यावर स्टिअरिंग मोकळं फिरू देऊ नका. स्टिअरिंगच्या चाकामागची क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगची वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) मधल्या स्थितीपासून दोन-अडीच फेऱ्यांपेक्षा जास्त फिरली की आतली पट्टी तुटते. पॉवर स्टिअरिंगची मोटर कॉलमवरच असेल तर कॉलम असा लोंबकळत ठेवू नका. तो जड असतो आणि आपटला तर टॉर्क सेन्सर जातो. तिथे पंचही जपून, शक्यतो खाच पाडूनच बोल्ट काढा.

---

कागदपत्र

कामाशी संबंधित पण गॅरेजबाहेरचं. लॉक सेट बदलल्याचं बिल गाडीच्या नंबरासहित घ्या आणि जुन्या दोन्ही चाव्या टाकून देऊ नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही चाव्या मागते. चाव्या गाडीसोबत आलेल्यांपेक्षा वेगळ्या का, हा प्रश्न तिथे येतो, आणि बिल व जुन्या चाव्या हेच त्याचं उत्तर. कुलूप बदलल्याचं विमा कंपनीला ईमेलने कळवून ठेवलं तर आणखी चांगलं. जुनं हाऊसिंग भंगारात देताना त्यातली जुनी चावी काढून घ्या.

---

घाटवाट

कानशीने सपाट करून साडेआठच्या बिटने घुमट उडाला, आटे हाऊसिंगमध्येच होते. नवं हाऊसिंग बसलं, चिप जुन्या मुठीतून काढून नवीत घातली, पहिल्या झटक्यात स्टार्ट. डोकी अजून तोडलेली नाहीत. कव्हर लावल्यावर चावीचं भोक २-३ मिमी खाली येतंय.

---

टी-पाना

डोकी तोडू नका. दोन्ही बोल्ट अर्धा फेरा ढिले करा, चावी ‘एसीसी’वर ठेवून हाऊसिंग कॉलमभोवती किंचित फिरवा. तरीही सरकत नसेल तर उंचवटा भोकात पूर्ण गेलेला नाही. खिट्टी मागे धरून हाऊसिंग परत उचला आणि भोकाच्या कडेला जुन्या ओतकामाचा तुकडा अडकलाय का ते टॉर्च मारून बघा.

---

घाटवाट

तुकडाच होता, साधारण गव्हाच्या दाण्याएवढा. काढल्यावर भोक बरोबर मधोमध आलं. दोन्ही डोकी तुटली, ‘एसीसी’वर स्टिअरिंग दोन्हीकडे मोकळं फिरतंय, चावी काढल्यावर दोन्ही बाजूंना अडतंय. चावीला धक्का दिला तरी ब्लोअर चालू राहतो.